अर्धं घर

बबलूने पिशवीतून एक बूट काढला, उलटा करून झटकला आणि दुसरा शोधायला पुन्हा हात घातला. दुसरा नव्हताच. हाताला लागलं ते कुकरचं झाकण.

"ये क्या है, अंकल?"

"झाकण."

"वो तो दिख रहा है. कुकर किधर है?"

"घर पे," पुंजाराम म्हणाला आणि सायकलीचं हँडल आणखी घट्ट धरलं.

तारापूर एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कंपनीच्या गेटवर सकाळच्या पाळीची रांग लागली होती आणि ती पुंजारामपाशी येऊन तुंबली होती. बबलू सिक्युरिटीत नवा लागलेला. जुना गार्ड पुंजारामच्या पिशव्यांना नुसता वरून हात लावून सोडायचा. याने मात्र सगळं टेबलावर मांडलं. बुटाच्या शेजारी झाकण, झाकणाशेजारी मिक्सरचं मोठं भांडं, मग टीव्हीचा रिमोट, इस्त्रीचा उचकटून काढलेला प्लग, गॅसचा रेग्युलेटर आणि शेवटी एक आगपेटी. आगपेटीत काडी एकही नव्हती. आत शिलाई मशीनची बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची लोखंडी डबी, तेवढी कापसात गुंडाळून ठेवलेली होती.

मागून कोणीतरी हसलं. पॅकिंगमधला मनीष पुढे आला आणि बबलूला म्हणाला, जाऊ दे त्यांना, हे आपलं घर बरोबर घेऊन फिरतात. बबलूला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती ती. अर्धं घर खरंच सायकलीवर होतं. उरलेलं अर्धं उमरोळीला, कुलपात.

यामागे पुंजारामचं स्वतःचं एक शास्त्र होतं. जालन्याकडून इकडे आल्यावर त्याने उमरोळीत स्टेशनापासून जरा आत एका चाळीत खोली घेतली. बोईसरपेक्षा भाडं कमी, आणि सायकल असली की अंतराचं काय एवढं. तो बॉयलरवर हेल्पर, बायको मैनाबाई दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला. एका दिवाळीला दोघं गावी गेले आणि परतले तेव्हा कडी उचकटलेली. मिक्सर गेला होता, कुकर गेला होता, इस्त्री, टीव्ही, मैनाबाईच्या चांगल्या साड्या, सगळं गेलं होतं. राहिली होती फक्त कोपऱ्यातली पायमशीन. पोलीस आले, विचारपूस करून गेले. चोर काही सापडला नाही.

आता मशीनच का राहिली? मैनाबाईचं म्हणणं सरळ होतं. लोखंडाचं धूड ते, कोण उचलणार. पण पुंजारामला एवढं सरळ उत्तर पटणं शक्यच नव्हतं. त्याने रात्ररात्र विचार केला आणि त्याला उलगडलं. त्या दिवाळीत मशीनची बॉबिन केस बोईसरच्या दुकानात दुरुस्तीला टाकलेली होती. म्हणजे मशीन अपुरी होती. चोर बघतो, वस्तू अपुरी दिसली की सोडून देतो. अपुरी वस्तू बाजारात विकायची कशी? तेव्हापासून घरात आलेली प्रत्येक नवी वस्तू पुंजाराम रोज सकाळी अपुरी करायचा आणि तिचा सुटा तुकडा सायकलीवर टाकून कामावर न्यायचा. सुरुवातीला वरवंटासुद्धा न्यायचा. वाटेतल्या पाचालीच्या चढावर चेन दोनदा पडली तेव्हा वरवंट्याला माफी मिळाली.

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या खाकी पिशव्या मैनाबाईनेच शिवून दिल्या होत्या. जाड कापड, दुहेरी शिलाई, वरून झाकायला फडका. तेव्हा तिला वाटलं होतं, डबा आणि रेनकोट ठेवायला हव्यात. पुढे हँडलला आणखी एक पिशवी आली, मग दांडीखाली एक. अशी लादलेली सायकल घेऊन पुंजाराम सकाळी चाळीसमोरून निघाला की झाकण मिक्सरच्या भांड्यावर आपटायचं आणि सगळ्या चाळीला कळायचं, पुंजाराम चालला आणि आपल्या सगळ्यांवर चोरीचा आळ घेऊन चालला. तोंडाने तो कधी कोणाला काही बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्यातही बायडीला तो आळ जास्त लागायचा. बायडी शेजारच्या खोलीत राहायची, चाळीतल्या शेवटच्या. तिचा नवरा भिका चाळमालकाची चिकूची वाडी बघायचा, म्हणून त्यांना खोली होती. मूळची विक्रमगडकडची. त्या दिवाळीत चाळीत मागे राहिलेली तीच एकटी. पोलिसांनी विचारलं तेव्हा ती पुंजारामकडे बघून म्हणाली होती, रात्री आवाज आला, पण मला वाटलं तूच आलास परत. पुंजाराम ते वाक्य अजून चघळत होता. आवाज आला तर उठून बघितलं का नाही? आणि मुळात 'तूच आलास' म्हणजे काय, आपल्याहून वयाने मोठ्या माणसाला? बायडी सगळ्यांनाच अरे-तुरे करायची, पोलिसांनाही केलं होतं, तिच्याकडची बोलीच तशी. पण संशयी माणसाला बोलीसुद्धा पुरावा वाटते.

मैनाबाई कामाला जायची तोवर हे सगळं चालून गेलं. दोघं दिवसभर बाहेर. संध्याकाळी पुंजाराम आला की रेग्युलेटर बसायचा, झाकण कुकरवर जायचं, टीव्ही लागायचा, बॉबिन केस तेवढी आगपेटीतच राहायची, आणि सकाळी शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की सगळं पुन्हा सुटं व्हायचं. मग मैनाबाईची कंपनी गुजरातेत हलली. बायकांना घरी बसवलं. मैनाबाई घरी बसली आणि पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की या घरात दिवसा काहीच करता येत नाही. चहा नाही, मिक्सर फिरवायची सोय नाही, टीव्ही लावावा तर रिमोट नाही. मशीन समोर उभी, पोटात बॉबिन केस नाही.

तिने आठवडाभर काढला. मग एका सकाळी पुंजाराम सिलिंडरपाशी वाकला तेव्हा ती म्हणाली, "आवं, मी आता दिवसभर घरातच हाय की. रेग्युलेटर आणि ती बॉबिन केस तेवढी ठेवून जात जा. चहा व्हईल. चार ब्लाउज शिवून व्हतील."

"तू नळावर जातीस. बाजारात जातीस. दुपारी डोळा लागतो तुझा."

"मंग काय झालं?"

"चोर लांबून येत न्हाई, मैना," पुंजाराम आवाज उतरवून म्हणाला आणि बायडीच्या भिंतीकडे बघितलं. "त्याला आपली येळ ठाऊक असती."

मैनाबाईने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. नंतरचे काही दिवस ती कुरकुरली. डोकं दुखतं म्हणाली. दुपारच्या चहाशिवाय तिचं डोकं दुखायचंच, लग्न झाल्यापासूनची सवय. पुंजारामला वाईट वाटायचं. पण वाईट वाटलं म्हणून कोणी दार उघडं टाकतं का?

मग कुरकूर थांबली.

इथे पुंजाराम खडबडून जागा झाला. दुसरा नवरा असता तर देवाचे आभार मानून गप्प झाला असता. पुंजाराम विचार करू लागला. बायकोचं डोकं दुखत नाही. चहा तर घरात होत नाही, रेग्युलेटर आपल्या पिशवीत आहे. साखरेचा डबा त्याने उघडून बघितला, होता तेवढाच होता. मग ही चहा पिते कुठे? तिच्या पदराला चुलीच्या धुराचा वास यायला लागला होता. एकदा तिच्या केसात जांभळ्या रंगाचा दोरा अडकलेला दिसला. घरात जांभळ्या दोऱ्याचं रीळ नव्हतं. त्याने दोरा उचलला, तर ती म्हणाली, कुठं लागला असंल. आणि हसली. ती उगाचच हसायला लागली होती.

बायडी चहा पाजते, हे त्याने दोन दिवसांत ताडलं. पण फुकट कोण कोणाला पाजतं? बदल्यात घरातून काहीतरी जात असणार. चहाच्या ओळखीवर बायडी आपल्या घरात येते, बसते, बघून ठेवते. रात्री तो दिवा लावून फळीवरच्या वस्तू मोजायचा. काही कमी झालेलं नसायचं. त्याने त्याचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा, कारण इतक्या हुशारीने चोरी करणारी बाई साधीसुधी नसणार.

उन्हाळ्यातल्या एका दिवशी बॉयलरची नळी फुटली. कोणाला लागलं नाही, पण वाफ बंद, काम बंद. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना घरी सोडलं. बाकीचे टपरीवर गेले. पुंजारामच्या मनात एकच गोष्ट आली. आज आपण भलत्याच वेळी घरी जाऊ शकतो. चोराला आपली वेळ ठाऊक आहे, पण ही वेळ ठाऊक नाही.

उन्हात सायकल रेमटवत तो निघाला. बोईसरचा बाजार मागे पडला, पाचालीचा चढ आला. एरवी तो चढावर उतरून सायकल ढकलायचा. आज पॅडलवर उभा राहिला. पिशव्या दोन्ही बाजूंनी मांड्यांवर आपटत होत्या. घशाला कोरड पडली होती, पण पाणी प्यायला थांबला नाही.

चाळीच्या अलीकडेच तो उतरला आणि झाकण वाजू नये म्हणून पिशवीवर हात दाबून सायकल ढकलत आणली. खोलीला कुलूप होतं. भर दुपारी मैनाबाई कुठे गेली? त्याने आपल्या किल्लीने उघडलं आणि सायकलीसकट आत शिरला. भांडी जागच्या जागी होती. मिक्सर होता, टीव्ही होता, एकटा उजवा बूट होता. कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली झाकलेली मशीन होती. त्याने नुसतं बघायचं म्हणून लुगड्याचं टोक उचललं.

खाली स्टूल होतं. स्टुलावर उपडं घमेलं. मशीन नव्हती.

पुंजारामला पहिल्यांदा जे वाटलं ते वाईट नव्हतं. त्याला बरं वाटलं. इतकी वर्षं लोक हसले, बायको मुकाट झाली, गेटवर पिशव्या उपसल्या गेल्या, पण शेवटी आपण म्हणत होतो तेच खरं निघालं. चोर शेजारचाच. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं की बॉबिन केस आपल्या पिशवीत आहे. मशीन अपुरीच होती, आणि तरी गेली. त्याचं शास्त्र डोळ्यांदेखत खोटं ठरलं होतं.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. खडखड खडखड, मग जरा थांबून पुन्हा खडखड. हा आवाज तो झोपेतसुद्धा ओळखला असता. पायपट्टी खाली गेली की ती मशीन मध्येच एकदा अडखळायची.

तो बाहेर आला. सायकल हातातच होती, ती बाहेर ठेवायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती. बायडीचं पुढचं दार लोटलेलं होतं. फटीतून थेट मागचं दार दिसत होतं आणि त्याच्यापलीकडे चिकूची झाडं. त्या मागच्या दाराच्या उजेडात मैनाबाई मशीनवर बसली होती. पायाशी जांभळ्या कापडाचे तुकडे, बाजूला स्टीलच्या पेल्यात कोरा चहा. बायडी जमिनीवर बसून काजं-बटणं करत होती. चाळीतली सपना आपला ब्लाउज होईपर्यंत बाजेवर बसली होती. चुलीवर काहीतरी रटरटत होतं.

सपनाने काहीतरी विचारलं. काकांना कळलं तर, असं काहीतरी. मैनाबाईने पाय थांबवले.

"त्यांचं तरी काय चुकलं," ती म्हणाली. "एकदा लुटलेलं माणूस हाय. मी काय त्यांच्यावर चिडले न्हाई. बोईसरातून नवी बॉबिन केस आणली, चाळीस रुपयात मिळाली. भिकादादानं मशीन उचलून इथं आणली. झालं."

"पण तुमचं घर हाय ना तिकडं."

"घर तर ते रोज सायकलीवर घेऊन जातात, सपना. मंग मागं मी कशाची राखण करू?"

हे ती रागाने बोलली असती तर पुंजाराम आत शिरला असता. भांडला असता. बायडीला तिच्याच दारात उभं करून जाब विचारला असता, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढलं असतं. पण मैनाबाई रागाने बोलली नाही. भाजी आज जरा अळणी झालीय, असं सांगावं तशी बोलली आणि पुन्हा मशीनवर वाकली.

"मंग राहा ना इथंच," बायडी दोरा दाताने तोडत म्हणाली. "आमाला काय तू जड नाय."

पुंजारामने सायकल मागे वळवली. वळवताना हात पिशवीवरून सुटला आणि झाकण मिक्सरच्या भांड्यावर वाजलं. आतली मशीन थांबली. तो श्वास धरून उभा राहिला. दाराशी कोणी आलं नाही. मग मशीन पुन्हा सुरू झाली, आधीच्याच चालीने.

त्याला वाटलं होतं की ती घाबरेल. ती घाबरली नाही, हे त्याला फार लागलं. चोरी पकडली गेली की माणूस घाबरतो. ती घाबरली नाही म्हणजे ती चोरी नव्हतीच.

तो स्टेशनावर जाऊन बाकावर बसला. सायकल पुढ्यात, पिशव्या तशाच. मालगाडी गेली, मेमू येऊन थांबली आणि गेली. कोणीच त्याच्या पिशव्यांकडे बघितलं नाही. एक पोरगी फक्त विचारून गेली, काका, भांडी विकता का. तो नाही म्हणाला. आपली बायको आपल्याच भिंतीपलीकडे दुसरा संसार करून बसली आहे आणि त्या संसारात चहा होतो, हसणं होतं, एकही वस्तू अपुरी नाही, एवढं त्याला स्वच्छ कळलं. कळून करायचं काय, ते कळत नव्हतं. त्याला रडू येत होतं. पण स्टेशनावर कोण रडतं, म्हणून तो पिशव्यांच्या गाठी पुन्हा पुन्हा आवळत बसला.

रोजच्या वेळेला तो घरी आला. मैनाबाई घरात होती. त्याने रेग्युलेटर काढून दिला, तिने तो बसवला. कोपऱ्यात स्टूल लुगड्याखाली तसंच उभं होतं. तिला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. जेवताना तो दोनदा तिच्याकडे बघून थांबला. मशीनबद्दल विचारायचं होतं. पण त्याने मीठ मागितलं. तिने मीठ दिलं.

सकाळी शेवटची भाकरी उतरली. मैनाबाई सवयीने सिलिंडरपासून बाजूला सरकली. पुंजाराम तिथे वाकला नाही. त्याने झाकण कुकरवर ठेवलं, रिमोट टीव्हीवर, डावा बूट उजव्याशेजारी. बॉबिन केसची आगपेटी फळीवर अशी ठेवली की तिला दिसावी. मग फक्त डबा उचलून बाहेर पडला. मैनाबाई दारापर्यंत आली.

सायकल त्याच्या ताब्यात राहीना. इतक्या वर्षांचं ओझं गेल्यावर हँडल नुसतं डुगडुगायला लागलं, आणि बाजारात तो एका रिक्षावर आदळता आदळता वाचला. गेटवर बबलूने रिकाम्या पिशव्या चाचपल्या. "आज घर नहीं लाये, अंकल?" त्याने विचारलं. पुंजाराम म्हणाला, घरीच ठेवलं. दिवसभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बॉयलरच्या काट्याकडे बघता बघता त्याला उचकटलेली कडी दिसायची, उघडी फळी दिसायची. आज सगळं पूर्ण आहे, आज चोराची दिवाळी. एकदा त्याला वाटलं, सुट्टी मागून पळत जावं. त्याने स्वतःला बसवून ठेवलं. मैनाबाई घरात असेल. तिने आतापर्यंत रेग्युलेटर बघितला असेल. बॉबिन केस बघितली असेल. कदाचित भिकाला सांगून मशीनसुद्धा परत आणली असेल.

संध्याकाळी तो चाळीत आला तेव्हा दाराला कुलूप होतं. कडी शाबूत होती. एरवी या वेळेला मैनाबाई घरात असायची, त्याच्या येण्याआधी ती येऊन बसायची. आता त्याला सगळं ठाऊक होतं, लवकर यायची घाई करायला तिला कारण उरलं नव्हतं.

त्याने कुलूप उघडलं. काहीही गेलं नव्हतं. झाकण कुकरवर त्याने ठेवलं होतं तसंच होतं. रिमोट टीव्हीवर, बूट जोडीने. आगपेटी हललेली नव्हती. सिलिंडरला रेग्युलेटर लावलेला होता आणि शेगडी थंड होती, सकाळी पुसून ठेवलेली. दिवसभरात या घरातल्या कशालाही कोणी हात लावला नव्हता.

पुंजारामने डबा खाली ठेवला. भिंतीपलीकडून बायकांचे आवाज येत होते. हाक मारावी असं त्याच्या मनात आलं. पण बायडीच्या दारात जाऊन कोणत्या तोंडाने हाक मारायची, हे त्याला सुचेना. मग त्याने हात धुतले, शेगडी पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं. साखर किती घालायची ते त्याला नक्की माहीत नव्हतं. त्याने दोन कपांचा चहा केला.

आपला कप त्याने घेतला. दुसऱ्यावर बशी पालथी घातली आणि भिंतीला टेकून बसला. पलीकडे मशीन चालू होती.